दोनशे बारा ‘ही’

इंग्रजी येत असेल तर माणसाने ते घरातल्या घरात ठेवावं, चारचौघांत काढू नये. हे शहाणपण मला पाणीपुरवठा खात्याच्या मसुदा विभागात सत्तावीस वर्षं काढून आलं नाही, ते गेल्या तीन आठवड्यांत आलं. ‘आपल्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की’ हे एक वाक्य मी इंग्रजीत चौदा तऱ्हांनी लिहू शकतो. साहेबांना नेमकी पंधरावी हवी असते, तो भाग वेगळा.

आमची इमारत पाच मजल्यांची आणि आम्ही चौथ्यावर. लिफ्ट अकरा महिने बंद. मला जिना चढून थोडा दम लागतो, बायकोला तोही लागत नाही, आणि लेकीला लिफ्ट बंद आहे हे बहुधा माहीतच नसावं, कारण ती चढते तेव्हाही फोनवर बोलत असते. प्रश्न आईचा होता. तिचे गुडघे गेलेले. अकरा महिन्यांत ती एकदाच खाली गेली, डोळे तपासायला, तेही खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेलं म्हणून. परत आल्यावर तिने जाहीर केलं की लोकांच्या खांद्यावरून जायचं ते शेवटी एकदाच, अधूनमधून नाही. त्यानंतर ती गॅलरीत बसून रस्ता बघायची. कोण कुठे चाललं, कोणाच्या हातात कसली पिशवी, सगळं तिला वरून ठाऊक असायचं. ती तक्रार करत नसे आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

इमारतीच्या प्रत्येक सभेत मी लिफ्टचा विषय काढायचो आणि अध्यक्ष प्रत्येक वेळी ‘पत्रव्यवहार चालू आहे’ असं सांगायचे. अध्यक्ष राहतात तळमजल्यावर. गोड बोलणारे, अंगाने भरलेले, आणि लिफ्ट ही वस्तू कशाशी खातात हे ज्यांना कधी कळायची वेळ आली नाही असे. सचिव म्हणजे त्यांचे सख्खे साडू, पहिल्या मजल्यावर. पत्रव्यवहार बहुतेक या दोघांत चालू असावा.

गेल्या सभेत हेच उत्तर आलं आणि माझी बायको उठून उभी राहिली. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. दिवसभर लोकांच्या रक्तात काय कमी आहे ते बघायची सवय असल्यामुळे तिचं बोलणं थोडक्यात असतं. पुढच्या निवडणुकीत सचिवपदाला मी उभी राहणार, एवढंच म्हणाली आणि बसली.

साडूंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी कपाटातून नियमावली काढली. इमारत बांधणाऱ्याच्या वकिलाने ती इंग्रजीत करून दिलेली. नोंदणी कचेरीच्या शिक्क्याची मूळ प्रत ती एवढी एकच, आणि ती आजवर कोणी उघडल्याचं मला आठवत नाही.

“वहिनी, आमची काय हरकत असणार?” अध्यक्ष म्हणाले. “पण नियमात बघा. सचिव म्हटलं की पुढे ‘ही’ आहे. ‘ही शॅल’, ‘ही मे’. पान उलटा, सगळीकडे ‘ही’च. म्हणजे पुरुषच. आता नियमच तसा असेल तर आम्ही पामर काय करणार?”

मागून कोणीतरी म्हणालं की आपल्याकडे तर ‘ही’ म्हणजे बाईच. सगळे हसले, अध्यक्षसुद्धा हसले, आणि त्या हसण्यात बायकोचा अर्ज वाहून जाणार असं दिसू लागलं. तेव्हा माझ्यातला मसुदा विभाग जागा झाला. मी उभा राहून म्हणालो की इंग्रजीत हल्ली असं लिहीतच नाहीत, माणूस पुरुष की बाई हे न सांगता लिहायची पद्धत पडली आहे, नियमावली माझ्याकडे द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

अध्यक्षांनी इतक्या आनंदाने ती माझ्या हातात ठेवली की मला तिथेच संशय यायला हवा होता. वार्षिक सभा तीन आठवड्यांवर होती. तोवर नियमावली दुरुस्त होऊन, कचेरीचा शिक्का मारून आली तर वहिनींचा अर्ज आनंदाने घेऊ, असं त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं. लिफ्टचा पत्रव्यवहार अकरा महिने लिहून झाला नव्हता. हे दोन मिनिटांत झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामाला बसलो आणि बसल्या बसल्या कळलं की ‘ही’ काढणं सोपं आहे, त्या जागी काय घालायचं हे अवघड आहे. ‘ही ऑर शी’ लिहावं तर वाक्य ओळीत मावेना. एका नियमात सचिवाने आपल्या चाव्या आपल्याजवळ ठेवून आपल्या अनुपस्थितीत आपल्या सहायकाकडे द्याव्यात असं होतं. त्यात चार वेळा ‘तो किंवा ती’ घातल्यावर चाव्या कोणाकडे आहेत ते मलाच समजेना.

अशा वेळी माणसाने दार लावून विचार करावा. मी दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना विचारलं. ते इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, कार्यकारिणीतही आहेत. एका माणसाला ‘दे’ म्हणायचं, ही कल्पना ऐकूनच त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, हे मी चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांत लाल शाईने खोडलं, ते आता माझ्याच इमारतीच्या नियमात येणार. त्यांना इतकं वाईट वाटलं की मीच त्यांना पाणी दिलं. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं मत पडलं की सगळीकडे ‘शी’ करून टाका, एवढी वर्षं ‘ही’ होतं, फिट्टंफाट. तळमजल्यावरचे ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले की सर्वनामं हवीतच कशाला, दरवेळी पूर्ण ‘सचिव’ लिहा. ते शिकवताना ‘ब्रेक’ हा शब्द दरवेळी पूर्ण म्हणतात, त्यामुळे आजवर मोठा अपघात झालेला नाही.

निकाल लागला तो आमच्याच घरात. लेक म्हणाली, “बाबा, सरळ ‘दे’ लिहा. आमच्या वर्गात एकजण आहे, त्यांना ‘ही’ पण नको, ‘शी’ पण नको. ‘ही ऑर शी’ लिहिलंत तर ते बाहेरच राहतील. ‘दे’मध्ये सगळेच येतात.”

आई गॅलरीतून ऐकत होती. “त्यात एवढं काय अडलंय?” ती म्हणाली. “तुझ्या वडिलांना मी जन्मभर ‘ते’च म्हटलं. एकटेच होते.”

मग तिने त्या वर्गातल्या मुलाला की मुलीला जेवायला बोलवायचं तर हाक कशी मारायची, असं लेकीला विचारलं. नावानेच हाक मारायची, असं उत्तर आल्यावर तिचं समाधान झालं. मास्तरांना जे चाळीस वर्षांत पटलं नाही ते आईला बसल्या जागी पटलं, याची मी मनात नोंद केली. मास्तरांना मात्र सांगितलं नाही.

आता चूक कशी झाली ते सांगतो. कोणीही शहाण्या माणसाने सगळी नियमावली नव्याने टंकून घेतली असती. पण आमच्या विभागाची रीत अशी की सही-शिक्क्याचा कागद पुन्हा टंकायचा नाही. चुकीचा शब्द लाल शाईने आडवा खोडायचा, वर बारीक अक्षरात बरोबर शब्द लिहायचा आणि समासात आपली छोटी सही ठोकायची. सत्तावीस वर्षं हात त्याच वळणावर गेलेला. रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो तो दुपारी चारला उठलो. मूळ प्रतीवर दोनशे बारा दुरुस्त्या, प्रत्येकीसमोर माझी सही. अक्षर असं लागलं होतं की मला स्वतःलाच पान उलटवेना. मी ती बायकोसमोर धरली.

तिने एक पान पाहिलं. “मूळ प्रतीवर केलंत?”

मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यामुळे ती काय बोलली नाही ते मला नीट ऐकू आलं.

सोमवारी मी रजा टाकून नोंदणी कचेरीत गेलो. चार नंबरच्या खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी पानं चाळली आणि मनापासून म्हणाल्या की इतकी स्वच्छ दुरुस्ती इथे कोणी आणत नाही. आम्ही एकाच धर्माची माणसं आहोत हे दोघांनाही कळलं. मग त्यांनी सांगितलं की नियमावलीवर मूळ सह्या कार्यकारिणीच्या सात जणांच्या आहेत. तेव्हा प्रत्येक दुरुस्तीसमोर सध्याच्या सातही जणांच्या छोट्या सह्या लागतील. माझी चालणार नाही, मी कोणीच नाही. दोनशे बारा गुणिले सात किती होतात ते मी खिडकीतच मनात करायला घेतलं, आणि बसमध्ये पूर्ण केलं. चौदाशे चौऱ्याऐंशी.

अध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, अवश्य सह्या करू, आमचा पूर्ण पाठिंबा आहे, प्रत फिरवा. प्रत फिरायला लागली आणि हरवली. तीन दिवस कोणाकडेच नव्हती. शेवटी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कवळ्यांच्या साच्यांखाली सापडली, वर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ. सह्या झाल्या होत्या एकूण अकरा. त्याही सगळ्या डॉक्टरांच्याच, आणि त्यांतल्या दोन चुकीच्या ओळीसमोर. सभेला तेरा दिवस राहिले होते. मी हातपाय गाळले आणि बायकोला म्हणालो की पुढच्या वर्षी बघू.

“पुढच्या वर्षीपर्यंत आईंनी गॅलरीतच बसायचं का?” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि मला माझ्या सुंदर अक्षराची लाज वाटली. मग तिने नाक पुसलं आणि एक कागद लिहून खाली फलकावर लावून आली. मूळ प्रत गहाळ होण्याचा धोका लक्षात घेता ती यापुढे चौथ्या मजल्यावरच राहील. कार्यकारिणीच्या सदस्यांनी रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळात वर येऊन सह्या कराव्यात. न आल्यास पूर्ण पाठिंबा काढून घेतला असं समजून तसं फलकावर लिहिलं जाईल.

पहिल्या संध्याकाळी मास्तर आले. विरोध तत्त्वाचा असला तरी दुरुस्ती वाचल्याशिवाय सही करणार नाही, असं त्यांनी दारातच सांगितलं. त्यांनी नववा नियम वाचला. ‘सभासद व त्याची पत्नी’ याचं मी ‘सभासद व देअर वाइफ’ केलं होतं. ही पत्नी एका सभासदाची की साऱ्या इमारतीची, असं त्यांनी मला शांतपणे विचारलं. मी तिथे ‘जोडीदार’ अर्थाचा शब्द घातला, म्हणजे दुरुस्तीवर दुरुस्ती झाली, म्हणजे आणखी सात सह्या वाढल्या. त्या दिवशी मास्तरांच्या सव्वीस सह्या झाल्या. त्यापुढे त्यांचा हात दुखू लागला.

बाकीच्यांचंही तसंच. एका बैठकीत पंचवीस-तीस सह्यांपुढे कोणाचं बोट जाईना. म्हणजे प्रत्येकाला सात-आठ वेळा चार मजले चढणं आलं. ड्रायव्हिंग स्कूलवाले प्रत्येक वळणावर थांबून जिना मागे-पुढे बघून घ्यायचे. साडू वर पोचले की पहिली पाच मिनिटं त्यांना पेन धरता यायचं नाही, आणि त्यांच्या सह्या समासातून घसरत खालच्या नियमापर्यंत जायच्या. पाचव्या मजल्यावरचे दोघे भाऊ तेवढे वरून खाली यायचे. सही करून पुन्हा वर जाताना बाकीच्यांकडे अशा नजरेने बघायचे की अकरा महिने आम्ही याहून एक मजला जास्त चढतोय, कोणी विचारलं का?

आणि सही करायची तर शेजारचा नियम डोळ्यांखालून जातोच. दारासमोर चपलांची मांडणी ठेवू नये असा नियम आहे, हे इमारतीला पहिल्यांदाच कळलं. डॉक्टरांची पाटी नियमापेक्षा दुप्पट मोठी निघाली, तीही मास्तरांनी पट्टीने मोजली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या दोन गाड्या एकीच्या जागेत उभ्या असतात हे डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी लेखी कळवलं. आठ दिवसांत फलकावर इतकी पत्रं लागली की बायकोची मूळ सूचना दिसेनाशी झाली. या सगळ्याला जबाबदार कोण, तर मी. जिन्यात माझ्याशी कोणी बोलेना. ‘दे’ करत फिरणारा म्हणून मला मागून ‘दे साहेब’ म्हणू लागले. सत्तावीस वर्षांत मी कोणाचा एक कागद अडवला नाही, आणि आता माझ्याच जिन्यात मला नमस्कार मिळेना. मी दुखावलो होतो. पण दुखावलेल्या माणसालाही संध्याकाळी सहा ते आठ चहा करावाच लागायचा, कारण बायको प्रयोगशाळेतून साडेसहाला यायची.

या सगळ्यात एकच माणूस खुशीत होतं. अकरा महिन्यांत आमच्या घरी इतकी माणसं कधी आली नव्हती. आई पाच वाजताच पातळ बदलून दाराजवळच्या खुर्चीत बसायची. आलेल्याला आधी बसायला, मग पाणी, मग गुडघ्यांची चौकशी. अध्यक्ष पहिल्या दिवशी भिंतीला धरून आत आले आणि खुर्चीत कोसळले तेव्हा तिने त्यांना पंख्याखाली घेतलं आणि म्हणाली, “दमलात हो. रोज यायचं म्हणजे त्रासच आहे. मी आपली बरी, मला उतरायचंच नसतं.”

ती हे टोचून बोलली नाही, ती तशी बोलतच नाही. अध्यक्ष पाणी प्यायले आणि त्या दिवशी एकही सही न करता बराच वेळ नुसते बसून राहिले. सहाव्या फेरीच्या वेळी ते वर आले तेव्हा शर्ट भिजला होता, आणि साडू अर्ध्या जिन्यातच बसून राहिले होते. सातव्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो तर लिफ्टचं दार उघडं, आत एक मेकॅनिक, आणि समोर स्टूल टाकून स्वतः अध्यक्ष. मेकॅनिक सव्वा तासात मोकळा झाला. लागणारा सुटा भाग त्याच्या पिशवीतच होता. पत्र मिळालं असतं तर अकरा महिन्यांपूर्वीच आलो असतो, असं त्याने मला सांगितलं, अध्यक्षांसमोरच.

उरलेल्या सह्या दोन दिवसांत झाल्या, लिफ्टने येऊन. मी प्रत घेऊन चार नंबरच्या खिडकीवर गेलो. पानांत मजकुरापेक्षा सह्या जास्त दिसत होत्या. बाईंनी एकेक मोजून शिक्का मारला आणि कौतुकाने म्हणाल्या की खरं तर याची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वीच परिपत्रक निघालं आहे, कुठल्याही जुन्या नियमात ‘ही’ असलं तरी ते सगळ्यांना लागू समजावं.

मी खिडकीच्या गजाला धरलं. आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं.

“तुम्ही दुरुस्ती कशी करायची ते विचारलंत,” बाई म्हणाल्या. “करायची का, ते विचारलं नव्हतं.”

यावर मला रागावता आलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच उत्तर दिलं असतं. घरी सांगितलं तेव्हा बायको हसत हसत जमिनीवरच बसली. मग उठून म्हणाली, हे खाली कोणाला सांगू नका.

वार्षिक सभा तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत भरली. अध्यक्षांनी शिक्का पाहिला, मान हलवली आणि वहिनींचं नाव कोण सुचवतंय असं विचारलं. कोणी हात वर करेना. डॉक्टर ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांवर रागावलेले, ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तरांवर, आणि सगळे मिळून माझ्यावर. शेवटी मीच हात वर केला.

“तुम्हाला नाही सुचवता येणार,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज खरंच दिलगीर होता. “बारावा नियम. उमेदवार सभासदाच्या घरातलं कोणीही चालतं, पण सुचवणारा स्वतः सभासद हवा आणि जातीने हजर हवा. घर तुमच्या आईंच्या नावावर आहे. परवा सही करताना वाचलं, नाहीतर मला तरी कुठे माहीत होतं.”

एवढ्या उठाठेवीचं फळ म्हणजे अध्यक्षांना नियमावली पाठ झाली होती. बायकोने खाली पाहिलं. लिफ्ट तर चालू झाली आहे, जाऊ दे, असं ती पुटपुटली. पण मला दिसत होतं की तिला ते पद मनापासून हवं होतं, फक्त लिफ्टसाठी नव्हे.

तेवढ्यात मागे लिफ्टचं दार सरकलं. आई बाहेर आली, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने लेकीचा खांदा धरलेला. लेकीला मी बोलवायला पाठवलं नव्हतं, बायकोनेही नाही. गॅलरीतून खाली खुर्च्या मांडताना दिसल्या म्हणून आई आपण होऊन निघाली होती. सगळे उठून उभे राहिले. अध्यक्षांनी आपली खुर्ची पुढे केली. बारावा नियम तिला कोणीतरी समजावून सांगितला. तिने काठी मांडीवर ठेवली आणि हात वर केला.

“सचिवपदासाठी मी माझ्या सुनेचं नाव सुचवते,” ती म्हणाली. “त्यांच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली आहेत. काम चोख आहे.”

सुनेला ती एरवी ‘अगं’ म्हणते. मास्तरांनी चष्मा काढला आणि अनुमोदन दिलं. बायको बिनविरोध निवडून आली, आणि तिने लगेच चपलांच्या मांडण्या आठ दिवसांत काढायला सांगितलं. पहिली आमची होती.

सभा संपली, खुर्च्या उचलल्या गेल्या. आई मात्र फाटकाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसली होती आणि रस्त्यावरची माणसं समोरून बघत होती. वरून नुसत्या पिशव्या दिसायच्या, आता चेहरे दिसत होते. समोरच्या दुकानदाराने तिला ओळखून हात केला, तिनेही केला. अर्धा तास झाला तसा मी तिला घ्यायला गेलो.

“तू जा वर,” ती म्हणाली. “मी येईन माझी माझी.”

मी लिफ्टपाशी आलो. दार उघडंच होतं. लिफ्ट आईसाठी खालीच राहू दिली आणि मी जिन्याने निघालो.